उठल्यावर झाकायचं

१

सकाळी घर सोडायच्या आधीचं माझं सगळं ठरलेलं होतं. कुलरमध्ये पाणी भरायचं. आईचं अंग पुसायचं, तिले कुशीवर वळवून पाठीले पावडर लावायची, मऊ भात भरवायचा. मग पलंगासमोर स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवरून माझ्याच मोबाईलवर व्हिडिओ कॉल. स्क्रीन लॉक करायची, "आई, येतो वं" म्हणायचं आणि गाडी काढायची.

लॉक काहून? तर खालच्या मजल्यावरच्या सिंधूताई दुपारी आईले पाणी पाजायले यायच्या. एकदा बिचाऱ्यांनी मायेनं कीबोर्डही फडक्यानं पुसून दिला आणि कॉल कटला. तेव्हापासून लॉक. लॉक असली तरी कॉल सुरूच राहते, फक्त कोणाच्या हातानं बिघडत नाही.

आईले दिवाळीनंतर लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका केव्हाही येऊ शकते, आणि तो आला तर काही हातात नाही. मी म्हटलं, ठीक आहे, नसू द्या हातात. पण ती जाईन तेव्हा खोलीत एकटी नको. मी जवळ असावं, नाही तर माझी नजर तरी असावी तिच्यावर. बस, एवढंच मागणं होतं माझं. बायको नाही, भाऊबहीण नाही, बाबा जाऊन वर्षं झाली. आई आणि मी, मनीषनगरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि माझी नोकरी पार वाडीच्या टोकाले, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये.

मे महिन्यात एका दुपारी चहा पिता पिता मोबाईल पाहिला, तर चित्र नाही. नुसतं गोल गोल फिरून राहिलं होतं. फोन करावा तर आई उचलणार कशी? सिंधूताईंचा लागेना. डोक्याले दुपट्टा गुंडाळला आणि त्या उन्हात गाडी हाणली. सिग्नल पाहिला नाही, काही नाही.

आई होती तशीच होती. माझ्याकडे पाहून तिनं डोळे मिचकावले. लॅपटॉप स्टुलावर उघडा, स्क्रीन काळी, बाजूचा दिवा हळूहळू लुकलुकत होता. एक बटण दाबलं तर जागा झाला. झोपला होता लेकाचा! मी आईच्या पायाशी बसून एकटाच हसलो. घामानं चिंब झालो होतो.

२

आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर आयुष पाहते. तोंडानं फाटका, पण कामाले चोख.

"दादा, चार्जर लावून होतं ना?"

"हाव गा."

"मग सेटिंगचं लफडं आहे. टेन्शन नको घेऊ."

त्यानं ऑफिसातूनच माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून सेटिंग बदलली. कधीच झोपू नको, असं त्याले बजावून ठेवलं. रविवारी मी दिवसभर आईजवळ होतो. लॅपटॉप सुरू ठेवला, लॉक नाही केला. मस्त चालला. सोमवारी लॉक करून निघालो, तर दुपारी पुन्हा चित्र गुल.

"म्हणजे लॉक केलं तरच झोपून राहिला," आयुष डोकं खाजवत म्हणाला. "एक लपलेली सेटिंग असते याच्यात. लॉक आहे, समोर माणूस नाही, तर कंपनी म्हणते झोपवून टाका. काढतो तिले."

काढली. एक दिवस नीट गेला. मी त्याले समोसे खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या वेळेस त्यानं मशीनच्या पोटात हात घालून कारण शोधलं आणि मले बोलावलं. मस्करी नव्हती त्याच्या तोंडावर.

"दादा, हे स्वतःहून नाही झोपलं. कोणीतरी झाकण बंद केलं म्हणून झोपलं."

"झाकण उघडं होतं बे. मी डोळ्यानं पाहिलं."

"तू गेला तेव्हा उघडं असंन. झोपलं तेव्हा बंद होतं." मग माझं तोंड पाहून तो म्हणाला, "नाही तर जवळपास चुंबक असंन. झाकण लागलं का नाही हे मशीनले चुंबकानंच समजते. कपाटाच्या दाराले असते ना तसा एखादा चुंबक जवळ आला, का ते फसते."

चुंबक! मले एवढं बरं वाटलं का विचारू नका. आमचं घर बौद्धाचं, आणि बाबा तर शाळामास्तर. धोंडबा गुरुजी म्हणत त्यांले. घरात भुताचं नाव काढलेलं त्यांले चालत नसे. "आधी कारण शोध," म्हणायचे, "मग भ्यायचं का नाही ते ठरव." कारण सापडलं होतं.

३

मी चुंबक शोधले. कपाट मागे सरकवलं, मोबाईलचं कव्हर फेकलं, फ्रिजवरचे सगळे बिल्ले काढले. लोखंडी स्टूल बदलून प्लास्टिकचं आणलं. आई पडल्या पडल्या माझा तमाशा पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोबाईल समोर उभा करून ठेवला आणि त्याच्यावरून नजर नाही काढली. चित्रात वरती पंखा, मग भिंत, मग आई, तिच्या पायावरची चादर. सिंधूताई आल्या, चमच्यानं पाणी पाजलं, गेल्या. मग काहीच नाही, नुसता कुलरचा आवाज.

आणि मग चित्र वाकलं.

कसं सांगू? आधी पंखा वरून निघून गेला. मग भिंत गेली. मग आईचं तोंड हळूच वर सरकलं, तिचे पाय दिसले, स्टुलाची कड दिसली, कीबोर्ड दिसला. मग काळं. कॅमेरा झाकणाच्या वरच्या कडेले असते. झाकण कोणी सावकाश खाली आणलं, तरच त्याले असं दिसते. चुंबकानं चित्र वाकत नाही.

घरी पोचलो तर झाकण उघडं. आई एकटी. तिच्या उशाशी पाण्याचा पेला होता, त्याच्यावर बशी. नीट, बरोबर मधोमध. सकाळी मी तो पेला उघडा ठेवला होता.

ते पाहून मी भ्यालो नाही. ते झाकणं माझ्या ओळखीचं होतं.

आई लग्नाआधी कामठीच्या पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरायची. तिथला रिवाज होता, माणूस उठला का माग झाकायचा. पाणी प्यायले उठा नाही तर घरी जायले उठा, कापड एकदा फटकन झटकायचं, मागावर पसरायचं, चारही कोपरे खोचायचे. "उघड्या मागावर धूळ बसते," म्हणायची. तो रिवाज तिनं जन्मभर घरात चालवला. मी जेवताना फोन घ्यायले उठलो का माझं ताट झाकलेलं. अभ्यास सोडून लघवीले गेलो का पुस्तक मिटलेलं. परत आलो का तीच उघडून द्यायची. बाबा चिडायचे, "कौसल्या, मले बसू तर दे!" ती हसायची. सुतानं कापून कापून तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाले एक खाच पडली होती. त्या बोटानं ती सगळं झाकायची.

तो हात आता सहा महिन्यांपासून उशीसारखा पडून होता. मीच उचलून इकडचा तिकडे ठेवत होतो.

४

मी मनाले म्हटलं, सिंधूताई असतील. दुसरं कोण? चाबी त्यांच्याकडे. मग मी एक वायफायवाला कॅमेरा आणला आणि कपाटावर, छताच्या जवळ ठेवला. त्याले झाकण नाही, झोप नाही. आता पाहू.

पहिल्याच दुपारी मोबाईलवर पांढरं दिसलं. वाटलं नेट गेलं. मग डोळे बारीक करून पाहिलं, तर त्या पांढऱ्यात उभे-आडवे धागे दिसून राहिले होते.

घरी येऊन खुर्चीवर चढलो. पोळ्यांच्या डब्यातलं फडकं कॅमेऱ्यावर पसरलेलं होतं. चारही कोपरे खाली खोचलेले.

मी तसाच सिंधूताईंच्या दारात गेलो आणि तोंडाले येईन ते बोललो. "काहून झाकून राहिल्या तुम्ही कपाटावरचा कॅमेरा? माझ्या आईचा खेळ लावला काय?"

"मी?" त्या दारातच खाली बसल्या. गुडघे गेलेले त्यांचे, उभं राहवत नाही. "बाबू, त्या कपाटावर माझा हात तरी पुरते का गा?"

"मग चाबी कोणाजवळ आहे? दुसरं कोण जाते घरात?"

त्यांनी पदराच्या गाठीतून चाबी सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत.

"मी दुपारी येतो तेव्हा कितीदा सगळं आधीच झाकलेलं राहते," त्या म्हणाल्या. "पेला, डबा, तुझं ते मशीन. पाणी पाजून झालं का मीच उघडून ठेवत होती, तुले दिसावं म्हणून. मले वाटे तूच झाकून जाते. मी मनात म्हणे, पोरगं आईवर गेलं."

दार लागलं. मी चाबी हातात घेऊन जिन्यात उभा राहिलो. जी एक बाई आईले दुपारी पाणी पाजायची, तिले मी माझ्या तोंडानं तोडलं होतं.

५

सुटी मिळाली नाही. सीझन होता, साहेब म्हणाले, सोमवारपासून पाहू. मी आयुषले सांगितलं, अशी सेटिंग करून दे का झाकण लागलं तरी झोपू नये. चित्र गेलं तर जाऊ दे, आवाज तरी येईन.

"दादा, तू घरीच काहून नाही थांबत?" त्यानं विचारलं. पहिल्यांदा त्याले भेव वाटून राहिलं होतं.

दुपारी चित्र वाकलं. पंखा, भिंत, आई, पाय, कीबोर्ड. आणि काळं व्हायच्या आधी, अगदी कडेले, झाकणावरून आत वळलेलं एक बोट. खाच असलेलं.

मग काळं. आवाज सुरू.

कुलरची घरघर. घड्याळ. मग फरशीवर उघड्या पायांचा आवाज. दोन्ही पाय सारखे पडत होते, एकही ओढत नव्हता. पायांचा आवाज स्वयंपाकखोलीत गेला, परत आला. भांड्यावर भांडं बसलं. आणि मग, फटक. कापड झटकल्याचा आवाज.

"आई!" मी गोडाऊनमध्ये ओरडलो. हमाल थांबून पाहायले लागले. "आई, तू उठली काय वं?"

माझा आवाज तिकडे खोलीत घुमलेला मले फोनमध्ये ऐकू आला. पाय थांबले. जरा वेळानं काळ्यातून कीबोर्ड वर आला, मग पाय, मग आई. पलंगावर, होती तशी. दोन्ही हात बाजूले पडलेले. ती सरळ माझ्याकडे पाहून राहिली होती. सकाळी पायावर टाकलेली चादर आता तिच्या छातीवर होती.

लाज वाटते सांगायले, पण गाडी चालवत घरी येताना मी खुशीत होतो. ती चालली! लकवा उतरून राहिला! जे काय असंन ते, माझी आई दोन पायांवर चालली होती. मी तिचे तळवे हातात घेऊन पाहिले. लहान पोराच्या तळव्यासारखे मऊ होते, धुळीचा कण नव्हता. उजवा पाय वर उचलून सोडला, तर धप्पकन पडला. मी तसाच त्या पायावर डोकं ठेवून रडलो.

६

मी सुटी न विचारताच घरी बसलो. साहेबांचे फोन आले, घेतले नाहीत. मग आयुषनं मध्ये पडून घरून काम करायची सोय लावली. लॅपटॉप आता स्टुलावर माझ्यासमोर, बाजूले आई.

नवतपा लागला होता, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस. खिडक्यांले पडदे, दुपारी खोलीत संध्याकाळ. मी एकदा स्क्रीन लॉक केली आणि आईचा उजवा हात धरून तिथेच बसून राहिलो. काही झालं नाही. मग दारापर्यंत उलटा चालत गेलो, नजर न काढता. काही झालं नाही. बरोबरच होतं. नजर होती तोवर मी उठलो नव्हतोच, आणि बसलेल्या माणसाचं ताट ती कधी झाकत नव्हती. तिले उठलेला माणूस समजायचा.

म्हणून मी उठणंच सोडलं. खुर्चीवरच डुलकी, खुर्चीवरच चहा-बिस्कीट. संडासले गेलो तरी दार उघडं, आणि सारखं बोलत, "इथेच आहो वं आई, इथेच आहो."

चादर मी रोज तिच्या पायापर्यंत खाली करायचो. तिनं दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत होती तिची. ती बोटं चादरीची कड धरायले पाहत होती.

"नाही," मी म्हटलं. "झाकू नको वं. काम संपलं नाही अजून."

तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी पुसलं. ती थकली होती, हे मले दिसत नव्हतं असं नाही. कामठीच्या त्या शेडमध्येही ती अशीच थकत असंन, आणि तिथे निदान सुटीचा भोंगा व्हायचा. मी भोंगाच होऊ देत नव्हतो. पण मी काय करू? माझ्याजवळ दुसरं कोणी नव्हतं.

७

बेल वाजली. मी नाही उठलो. पुन्हा वाजली. मग दाराबाहेरून आवाज आला, "बाबू, दार उघड गा. आंब्याचा रस आणला कौसल्येसाठी."

सिंधूताई. त्या हलत्या गुडघ्यांनी जिना चढून, मी तसं बोललो तरीही.

मी लगबगीनं उठलो. उठता उठता बोटांनी आपलं काम केलं. इतक्या महिन्यांची सवय, उठलं का लॉक. मले कळलंसुद्धा नाही.

दार उघडलं आणि त्यांच्या पायाच पडलो. "काकू, माफ करा. माझं डोकं फिरलं होतं." त्यांनी रसाचं भांडं एका हातात सांभाळलं आणि दुसरा हात माझ्या डोक्यावरून फिरवला. "वेडा आहे तू. आईसाठी माणूस वेडा होतेच. चाल, तिले दोन चमचे देऊ." मी म्हटलं, तुम्ही नसत्या तर माझं काय झालं असतं. त्या म्हणाल्या, तू जेवला का नाही ते सांग. असंच काहीबाही, दारातलं. फार वेळ नाही.

आत मागच्या खोलीत कापड झटकल्याचा आवाज झाला.

मी धावलो. लॅपटॉपचं झाकण बंद होतं. या वेळेस बंदच. आई चादरीखाली होती, डोक्यापासून पायापर्यंत. चादरीवर एक सुरकुती नव्हती, चारही कोपरे गादीखाली खोचलेले. छातीवर चादर हलत नव्हती.

सिंधूताई मागून आल्या. रसाचं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

"कोणी झाकलं गा तिले?"

मी कोपरे सोडवले. तोंड उघडं केलं. डोळे मिटलेले होते, तेही नीट. सहा महिने जिच्यावरून नजर नाही काढली, ती मी दारात माफी मागून राहिलो होतो तेवढ्यात गेली. एकटी.

८

लोक आले, वंदना झाली, लोक गेले. सिंधूताई रोज दारात डबा ठेवून जातात.

लॅपटॉप मी हलवला नाही. स्टुलावर, पलंगासमोर, तसाच. लॉक करून ठेवतो, कॉल जोडून ठेवतो. आता तो झोपत नाही. दिवस दिवस जागा राहते. आयुष भेटायले आला, पाहून म्हणाला, "पाह्य दादा, झालं ना नीट!" आणि मग स्वतःच जीभ चावली त्यानं.

मी मुद्दाम ताट उघडं ठेवून उठतो. परत येतो तर माशा बसलेल्या. पेल्यात धूळ तरंगते. पुस्तक उघडं ठेवून गच्चीवर जाऊन आलो, तर पंख्यानं पानं उलटून राहिली होती. कोणी मिटलं नव्हतं. अशा घरात माणूस कसा राहणार? बाबांले विचारायचं होतं, कारण सापडलं, आता भ्यायचं का नाही? पण मले भेव वाटतच नाही. भेव वाटायले तिनं यायले तर पाहिजे.

दुपारी मी तिच्या पलंगावर पडतो. चादर पायावर, मोबाईल हातात. मोबाईलमध्ये मीच दिसतो. पंखा, भिंत, मी. नोकरीवरून फोन यायचेही आता थांबले. कालपर्यंत असंच होतं.

आज सिंधूताई डबा ठेवून गेल्या. मी उठलो नाही. भूक नव्हती, आणि उद्याही नसणार होती, हे मले आतून समजलं होतं. पडल्या पडल्याच मी मनानं उठून गेलो होतो. मी मोबाईलकडे पाहत पडून होतो.

चित्र वाकलं.

पंखा गेला. भिंत गेली. माझं तोंड वर सरकून गेलं. माझे पाय, स्टुलाची कड, कीबोर्ड. बोट. काळं.

मी मान नाही वळवली. मोबाईलमध्ये कुलरची घरघर येत होती, खोलीतल्या घरघरीच्या जरा मागून. पाय आले, आधी खोलीत, मग मोबाईलमध्ये. पलंगाजवळ थांबले.

"आई," मी म्हटलं, "काम संपलं वं."

मी चादर स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतली, आणि पुढचं तिच्यावर सोडलं.